खोट आणि झीज

'प्रूफ' ह्या शब्दाशी माझी पहिली ओळख झाली ती छापखान्यात. माझी पहिली कादंबरी छापली जात होती तेव्हा छापखान्याच्या मालकांनी कागदांचे एक बाड माझ्यापुढे टाकले आणि म्हटले, "घ्या गुरुजी, प्रुफं. सापडतील तेवढ्या चुका काढा." प्रूफ म्हणजे चुका शोधण्यासाठी हाती दिलेला कागद, ही समजूत त्या दिवसापासून माझ्या मनात पक्की बसली. शाळामास्तराच्या हाताला तांबड्या शाईची सवय असतेच. तेव्हा हा शब्द मला घरच्यासारखा वाटला यात नवल नाही.

पुढे नाण्यांचा नाद लागला, आणि हाच शब्द अगदी उलट्या अंगाने भेटीस आला. टांकसाळीत प्रूफ म्हणतात ते ज्यात एकही चूक सापडता कामा नये अशा नाण्याला! छापखान्यात ज्या शब्दाने चुकांना बोलावणे धाडावे, त्याच शब्दाने टांकसाळीत त्यांना दार बंद करावे, ही मोठी गंमत आहे. पण मूळ पाहू गेले तर दोन्हींचा अर्थ एकच: पारख. पूर्वी नवा ठसा तयार झाला की तो नीट उमटतो की नाही हे पाहण्यासाठी मोजकी नाणी फार काळजीने पाडीत. परीक्षेसाठी पाडलेली ती नाणीच देखणी निघू लागली, लोक हौसेने जपू लागले, आणि परीक्षेचे नाव दागिन्याला चिकटले.

माझा नाद तसा गरिबाचा. सोन्याच्या मोहरा माझ्या संग्रहात नाहीत आणि यायच्याही नाहीत. लहरी कडांचे दहा पैसे, षट्कोनी वीस पैसे, गेंड्याचे चार आणे असली माझी दौलत. ही सारी नाणी 2011 सालच्या जून महिन्याअखेर चलनातून गेली. वर्गात एखादा तास मोकळा मिळाला की मी मुलांना खिशातली नाणी काढायला सांगतो. सालाच्या खाली पत्त्यातल्या चौकटसारखी बारीक खूण असली तर ते नाणे मुंबईचे, पाच टोकांचा तारा असला तर हैदराबादचे, नुसता ठिपका असला तर नोएडाचे, आणि काहीच नसले तर कोलकात्याचे, एवढे सांगितले की तास कसा संपतो ते कळत नाही. मधल्या सुट्टीच्या खाऊचे पैसे एकदम प्रवास करून आलेले दिसू लागतात.

पण टांकसाळी नाणी पाडतात ती सगळीच बाजारासाठी नसतात. थोर पुरुषांच्या, मोठ्या प्रसंगांच्या स्मरणार्थ नाणी निघतात. स्वतंत्र भारतात ही प्रथा 1964 साली पंडित नेहरूंच्या रुपयापासून आणि पन्नास पैशांपासून पडली. 1969 साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला दहा रुपयांचे चांदीचे नाणेही निघाले. पुढे अशा नाण्यांचे संच डबीत घालून हौशी लोकांना विकण्याची रीत रुळली. ह्या संचांत दोन जाती असतात. एक नुसतीच न वापरलेली. ती नेहमीसारखी यंत्रावर पाडलेली असतात. फक्त बाजारात गेलेली नसतात. एकमेकांवर आपटून त्यांना बारीक टोचे पडलेले असायचेच. त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. दुसरी जात प्रूफची. तिच्यासाठी ठसा आणि कोरी चकती दोन्ही आरशासारखी घासून घेतात, यंत्राचा दाब एकापेक्षा अधिक वेळा देतात, आणि नाणे हातमोजे घालून उचलतात. मग सपाट भाग आरशासारखा चमकतो आणि चित्र त्यावर दहिवर पडल्यासारखे पांढुरके उठते. मास्तराच्या भाषेत सांगायचे तर पहिली कच्ची वही आणि दुसरी पक्की वही. कच्च्या वहीतल्या खाडाखोडीला मी कधी गुण कापीत नाही. पक्क्या वहीतली मात्र डोळ्याआड करीत नाही.

आता नाण्याला वैगुण्य येते ते दोन वाटांनी. एक झीज आणि दुसरी खोट. आपल्या भाषेने ह्या दोन गोष्टी किती निराळ्या ठेवल्या आहेत! झीज येते ती हातांनी. भाजीवालीच्या, वाण्याच्या, देवळातल्या गुरवाच्या हातातून फिरता फिरता नाणे गुळगुळीत होते. त्यात लाज कसली? शिवराई पैसा हातात घेऊन पाहा. हाताने ठोकलेली ती नाणी. चकती लहान आणि ठसा मोठा, त्यामुळे 'श्री राजा शिव' ही अक्षरे पुरती उमटलेली शिवराई विरळाच. तरी ती कपाळाला लावावीशी वाटते. खोट मात्र घडविणाऱ्याकडून येते. पेशवाईत चांदवडी, अंकुशी असे नाना तऱ्हांचे रुपये एकाच वेळी चालत. एका जातीचा रुपया दुसऱ्या जातीत बदलून घ्यायचा तर सराफ मध्ये काही कापून घेई. त्या कापण्याला बट्टा म्हणत. नाण्याचा तो बट्टा आज माणसाच्या नावाला लागतो. सरकारी खजिन्यातली नाणी पारखायला पोतदार असे. एखादे नाणे बद्द वाजले म्हणून त्याने बाजूला ठेवले तर 'किती हा चिकित्सकपणा!' असे त्याला कोणी म्हणत नसावे. पारखणे हे त्याचे काम होते; तो अविश्वास नव्हता.

हे सारे पुराण लावण्याचे कारण आमचे अण्णा. माझे वडील जिल्ह्याच्या गावी एका बँकेत रोखपाल होते. 1964 साली ते नोकरीला लागले. त्याच वर्षी नेहरूंचा रुपया निघाला, त्याच वर्षी 'नया पैसा'मधला 'नया' गेला आणि षट्कोनी तीन पैसे आले. त्यामुळे "मी आणि तीन पैसे एकाच वर्षी सेवेत रुजू झालो," असे ते सांगत. अडतीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांचे पैसे मोजले. नाणे त्यांना डोळ्यांनी पाहावे लागत नसे. थप्पी बोटांतून सोडली की तिच्यातले खोटे नाणे त्यांच्या कानाला टोचे.

गेल्या श्रावणात त्यांचे सहस्रचंद्रदर्शन होते. हजार पौर्णिमा पाहायला माणसाला सुमारे ऐंशी वर्षे आणि दहा महिने लागतात. शाल, नारळ, चांदीचे निरांजन हे तर व्हायचेच. पण अडतीस वर्षे नाण्यांत घालवूनही ज्यांच्या घरी स्वतःचे म्हणून एकही जपून ठेवलेले नाणे नाही, त्या अण्णांना एक प्रूफ संच द्यावा असे माझ्या मनात आले. माझ्या पगाराला तो जड होता. पण दोन महिने बाजूला टाकून मी तो मागवला. कोठून मागवला आणि कोणत्या प्रसंगाचा होता ते येथे सांगत नाही; दिवाळीच्या अंकात कोणाचे वाभाडे काढू नयेत.

संच आला तो समारंभाच्या बारा दिवस आधी. टेबलावर पंचा पसरून, धाकटीला फोनवर चित्रे घ्यायला उभी करून मी डबी उघडली. दोन नाणी होती. लहान नाणे निर्दोष होते. मोठे चांदीचे नाणे दिव्याखाली तिरपे धरले आणि माझा हात थांबला. आरशासारख्या भागावर मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा दुधाळ डाग होता, आणि कडेला, प्लॅस्टिकच्या बंद डबीच्या आत, कोणाच्या तरी बोटाचा ठसा. बोटाच्या रेषा मोजता याव्यात इतका स्वच्छ! नाणे पाडणाऱ्याने दोन ठसे उमटवले होते. एक सरकारचा आणि एक स्वतःचा.

घरात बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमच्या आईने श्रावणासाठी समया, तबके, पंचपात्री घासायला काढलीच होती. ती म्हणाली, "आण इकडे. चिंचेच्या कोळानं घासून देते. असा लख्ख करते बघ." मी डबी छातीशी धरली. वाचकहो, हे मी मुद्दाम लिहितो, कारण दिवाळीत हा प्रसंग अनेक घरांत येतो. समईला चिंच चालते, राख चालते, रांगोळी चालते. संग्रहाच्या नाण्याला ह्यांपैकी काहीच चालत नाही. चांदी मऊ असते. एकदा घासले की आरशावर बारीक चरे पडतात, ते पुन्हा जात नाहीत, आणि जाणकार माणूस असे नाणे हातात घेऊन न बोलता खाली ठेवतो. असले दुधाळ डाग बहुधा चकती धुताना तिच्यावर राहून गेलेल्या द्रवामुळे येतात असे म्हणतात. ते वरवर बसलेले नसतात. पुसून निघत नाहीत. बोटाचा घाम तर चांदीला हळूहळू खातो. आज पुसट असलेला ठसा वर्षा-दोन वर्षांनी काळा पडतो.

शाळेतले एक सहकारी म्हणाले, "अहो गुरुजी, सहस्रचंद्रदर्शन ना? मग चंद्रालाही डाग असतोच की!" विनोद चांगला होता, मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी एका नातेवाइकांनी जे सांगितले ते ऐकून मला हसू आले नाही. ते म्हणाले, "अण्णांना कुठं दिसतंय? देऊन टाक तसंच."

ही गोष्ट खरी होती. गेली चार वर्षे अण्णांच्या दृष्टीचा मधला भाग गेला आहे. कडेकडेचे दिसते, समोर पाहावे तर धुके. नाण्यावरचा डाग नेमका त्यांच्या धुक्यात पडला असता. आणि नातेवाईक काही दुष्ट नव्हते. परत पाठवण्याची यातायात, हातात उरलेले मोजके दिवस, आणि त्यातून नवे मिळेलच याची खात्री नाही. व्यवहार त्यांच्या बाजूने होता.

मला मात्र अण्णांची खिडकी आठवली. लहानपणी शाळा सुटल्यावर मी बँकेत जाऊन त्यांच्या मागच्या स्टुलावर बसत असे. एक म्हातारी दर महिन्याला पैसे काढायला येई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. अण्णा तिच्यासाठी नोटा निवडून काढीत, न मळलेल्या, न फाटलेल्या. आणि नाणी एकेक करून तिच्या तळहातावर ठेवीत. मागे रांग ताटकळे. मी एकदा विचारले, "अण्णा, तिला कुठं कळतंय जुनी की नवी?" ते म्हणाले, "म्हणूनच. ज्याला दिसतं तो आपलं पाहून घेईल. ज्याला दिसत नाही त्याला आपण निवडून द्यायचं."

तेव्हा आता त्याच माणसाला, त्याला दिसत नाही म्हणून, डागाळलेले नाणे कसे द्यावे? प्रश्न नाण्याचा राहिलाच नव्हता.

खरे सांगायचे तर आपल्या पांढरपेशा घरांत तक्रार करण्याची एक लाज असते. 'एवढ्यातेवढ्यासाठी कशाला?' असे म्हणून आपण नासके दूध, उसवलेला सदरा, निखळलेली कडी सारे पोटात घालतो आणि त्याला समाधान म्हणतो. पण थोडा विचार करावा. प्रूफ नाण्याने काही विकत घ्यायचे नसते. ते बाजारात जात नाही, त्याला हात लावायचा नाही, त्याची झीज कधी व्हायची नाही. निर्दोषपणा हा एकच गुण सांगून ते विकलेले असते. मग तोच नसेल तर आपण पैसे मोजले कशाचे? 2019 सालच्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही मालाच्या गुणवत्तेतली उणीव हा दोषच मानला आहे. माल घेतला तर त्याबद्दल बोलणे हा भांडखोरपणा नव्हे. तो सौद्याचाच एक भाग आहे.

मी पत्र लिहिले. निबंध शिकवणारा माणूस असल्याने पहिला मसुदा चार पानी झाला, सौभाग्यवतीने तो वाचून "ह्यातलं नाण्याबद्दल कुठं आहे?" असे विचारले. मग अर्ध्या पानात आणले. संच केव्हा मागवला, केव्हा मिळाला, पावतीचा क्रमांक काय, दोष कोणत्या नाण्यावर आणि कोठे, नाणे डबीतून बाहेर काढलेले नाही, आणि बदलून मिळावे ही विनंती. रागाचा एकही शब्द नाही. सोबत धाकटीने घेतलेली चित्रे: बंद खोका, उघडता खोका, आणि दिव्याखाली तिरपे धरलेले नाणे. आरशासारख्या नाण्याचे चित्र समोरून घेतले तर त्यात घेणाऱ्याचेच तोंड येते. तिरपे धरले म्हणजे डाग बोलू लागतो.

पहिले उत्तर आले ते छापील वाटावे असे: अशा खुणा घडणीच्या ओघात येऊ शकतात. मी पुन्हा लिहिले की डागाबद्दल वाद घालता येईल. पण बंद डबीच्या आत माणसाच्या बोटाचा ठसा कोणत्या यंत्राने उमटतो ते कळावे. ह्या पत्रानंतर मात्र संच परत पाठवण्याविषयी नीट कळवले गेले. टपालाने तो रवाना केला तेव्हा समारंभाला तीन दिवस उरले होते.

समारंभाच्या दिवशी औक्षण झाले, शाल-श्रीफळ झाले. पाहुणे पांगल्यावर मी अण्णांजवळ बसलो आणि एक पाकीट त्यांच्या हाती दिले. ते चाचपून म्हणाले, "पैसे आहेत का रे?"

"नाहीत. टपालाची पोचपावती आहे."

मग सगळी हकिगत सांगितली. अण्णांनी मध्येच प्रश्न केले ते अगदी खिडकीतल्या आवाजात. डाग छाप्याच्या बाजूला की काट्याच्या? कडेचे दाते नीट होते? पावतीची नक्कल ठेवलीस ना? सगळे ऐकून घेतल्यावर थोडा वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, "मला चाललं असतं रे ते. पण तुला चाललं नाही, हे बरं झालं." मग आईच्या दिशेने मान वळवून हळूच पुढे म्हणाले, "आणि तिच्या चिंचेपासून वाचवलंस, हे तर फारच बरं झालं."

बदली संच नवरात्राच्या आधी आला. पुन्हा पंचा, पुन्हा दिवा, पुन्हा भिंग. नाणे स्वच्छ होते. चित्रावरचे दहिवर जिथल्या तिथे. फक्त डबीच्या आतल्या अंगाला कापसाचा एक बारीक तंतू चिकटलेला दिसला. सौभाग्यवती म्हणाली, "आता पुन्हा लिहायला बसू नका." मी बसणार नव्हतोच. तंतू डबीला होता, नाण्याला नव्हता. पारख म्हणजे प्रत्येक ठिकाणी बोट ठेवणे नव्हे. कोठे उचलायचे हेही तिच्यात येते.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आईने तबकात नेहमीचा राणी छाप रुपया ठेवला. 1862 सालचा, तोळाभर चांदीचा, माझ्या आजीकडून आलेला. तीन पिढ्यांच्या चिंचेने राणीचे नाक पार गेले आहे. अण्णांनी तो हातात घेतला, अंगठ्याने दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला आणि परत तबकात ठेवला. मग नवी डबी मागून घेतली. तिच्यात अंगठ्याला काही लागत नाही. धाकटी त्यांच्या शेजारी बसली आणि नाण्यावर काय काय आहे ते त्यांना वाचून दाखवू लागली: सिंह, त्याखालचे शब्द, साल, सालाखालची खूण. अण्णा प्रत्येक गोष्टीला "हां" म्हणत होते.

तो संच आता आमच्या कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेला आहे. प्लॅस्टिकच्या मऊ पिशवीत तो ठेवला नाही. असल्या काही पिशव्यांतून नाण्यावर हिरवट चिकटा येतो. दमट जागाही टाळली आहे. दोन्ही पत्रे, त्यांची उत्तरे आणि पोचपावती मी एका पाकिटात वेगळी फाइलला लावणार होतो. अण्णा म्हणाले, "ती त्याच्याजवळच राहू देत. पुढं पोरीनं कधी उघडलं तर नाण्याबरोबर त्याची हकिगतही सापडेल."